लोणा धरलेल्या भिंतीवरचा समुद्र

आधी कबूल करून टाकते. स्टिकरच्या दुकानदाराने मला सरळ विचारलं होतं, "काकू, भिंत कोरडी आहे ना? लोणा वगैरे नाही ना?" आणि मी, दोन नातवंडांची आजी, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "छे हो! ऑइल पेंट आहे. हात फिरवला तर घसरतो."

हात फिरवला तर तळवा पांढरा व्हायचा, ही खरी गोष्ट. भिंतीतून मीठ फुटत होतं, आणि फुटत होतं म्हणजे कुठे कोपऱ्यात नव्हे, हॉलमध्ये, अगदी दारातून आत आलं की समोर. पण खोटं बोलताना बाईचा आवाज एवढासुद्धा हलला नाही. आज आठवलं की त्या बाईचा कान धरावासा वाटतो. कान माझाच आहे, एवढीच अडचण.

तेव्हा मी सत्तावन्न वर्षांची होते. आता त्या वयाच्या बायका मला पोरी वाटतात, म्हणून तिलाही पोरगीच म्हणते. ही पोरगी पनवेल शहरात वाढलेली. वडील कचेरीत कारकून. जात, देव, लग्नातली गाणी सगळं खाडीकाठच्या गावांसारखंच, पण आम्ही शहरात राहायचो, इस्त्रीचे कपडे घालायचो आणि 'आमी-तुमी' न म्हणता 'आम्ही-तुम्ही' म्हणायचो. तेवढ्यावर आम्ही स्वतःला गावाकडच्यांपेक्षा चार बोटं उंच समजायचो. आणि लग्न झालं ते उरणकडच्या एका गावात, मिठागरवाल्यांच्या घरात. नवरा देखणा होता म्हणून मी गप्प बसले. नाहीतर मीठ हा विषय मला तेव्हाही आवडत नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत ते मला मिठागर दाखवायला घेऊन गेले. सूर्य उगवायच्या वेळेला. चिंचोळ्या बांधावरून चालायचं, दोन्ही बाजूंना उथळ पाण्याचे चौकोनी वाफे. माझ्या पायात नवी चप्पल, लग्नातली, सोनेरी पट्ट्यांची. ते पुढे, मी मागे, आणि माझी नजर पूर्ण वेळ चपलेवर. मध्येच ते थांबले आणि वाफ्याकडे बोट करून म्हणाले, "बग."

मी काय बघितलं? काही नाही. मी म्हटलं, "बग नाही, बघ. आणि लवकर चला, माझे पाय भेगाळतील."

ते हसले. पुन्हा कधी त्यांनी मला तिकडे नेलं नाही, आणि नेत नाहीत याचा मला आनंदच झाला.

पुढे मिठागरं गेली. सगळ्यांचीच गेली. वाफ्यांवर भराव पडला, भरावावर रस्ते आले. आम्ही पनवेलला जागा घेऊन बैठं घर बांधलं, म्हणजे मी माहेरच्या गावात परत आले आणि मनातल्या मनात जिंकले. पण बांधकाम चालू असताना मी माहेरी आईच्या आजारपणात अडकलेली, आणि ह्या माणसाने काय करावं? कंत्राटदार नदीची रेती सांगत असताना ह्यांनी ट्रक भरून खाडीची रेती आणवली. मी विचारलं तर म्हणाले, "आपल्याच खाडीची हाय."

आपल्याच खाडीची रेती आपल्याच भिंतीत गेली, आणि दुसऱ्याच वर्षी दिवाळीनंतर पश्चिमेकडची भिंत पांढरी व्हायला लागली. आधी पिठूळ, मग कापसासारखी, मग बारीक सुयांसारखी. रंग सुटायचा, पोपडे पडायचे. मी लोखंडी ब्रशने खरवडायचे, सुपडीत भरून मोरीत टाकायचे, आठ दिवसांनी पुन्हा पांढरं. पावसाळ्यात भिंत ओली आणि काळपट व्हायची, मीठ नाहीसं व्हायचं. पाऊस संपून हवा कोरडी झाली की पुन्हा हजर. वीस वर्षं ही लढाई. मी खरवडत म्हणायचे, "मिठागर गेलं, पण मीठ काही तुमच्या मागचं सुटलं नाही." ते वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "तुज्या मागं लागलंय, माज्या नाय."

ते असं बोलायचे तेव्हा मला राग यायचा. आता ते एक वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी ती भिंत जिभेने साफ केली असती.

मग त्या वर्षी गणपती उठल्यावर चार दिवसांनी ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा दसरा होऊन गेला होता. लोखंडी कॉट आतल्या खोलीच्या दारातून जाईना, म्हणून हॉलमध्येच टाकली, पश्चिमेच्या भिंतीसमोर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशा आजारात कधी कधी एखादा शब्द उरतो, कधी परतही येतो, वाट बघा. आम्ही वाट बघत होतो. मुलाला वाटायचं त्याचं नाव येईल. सुनेला वाटायचं, निदान 'पाणी' हा शब्द यावा, म्हणजे कामाचा तरी. मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नाही.

शब्द आला तो दिवाळीनंतर. मी भाजी निवडत होते. कॉटवरून आवाज आला, जाडसर, तोंडात कापूस कोंबल्यासारखा.

"बग."

मी ताट टाकून धावले. "काय? काय म्हणालात? पुन्हा म्हणा!"

डावा हात वर उचलून त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "बग."

सून पळत आली, मुलाला फोन झाला, शेजारणीला साखर वाटली. त्या दिवसापासून ते रोज म्हणायचे. सकाळी ऊन खिडकीतून आत यायचं आणि समोरच्या भिंतीवर पडायचं, त्या सुमाराला. डावा हात, भिंत, "बग." दिवसातून दोनदा, तीनदा. दुसरा शब्द आला नाही. एवढ्या मोठ्या आयुष्यातून, एवढ्या मोठ्या भाषेतून त्यांच्याकडे एक शब्द उरला होता, आणि तो ते माझ्यावर खर्च करत होते. त्यांना काय म्हणायचंय ते ओळखणं, एवढं एकच काम मला उरलं होतं. बाकी सगळं, अंघोळ, औषध, कूस बदलणं, कुणीही पगारी बाई करू शकली असती.

आणि ओळखलं मी. लगेच ओळखलं! हुशार ना मी.

"त्यांना ती भिंत बघवत नाही," मी सुनेला म्हटलं. "दिवसभर पडल्या पडल्या समोर ते पोपडे. कुणाला बरं वाटेल? रोज सांगतायत, बघ, बघ, काय दशा झालीय भिंतीची."

सून म्हणाली, "आई, मला नाही वाटत ते तक्रार करतात. चेहरा तसा नसतो."

"माझा नवरा आहे का तुझा?"

गप्प बसली बिचारी. सुनेला गप्प बसवण्यात त्या काळात माझा हातखंडा होता.

खरं सांगायचं तर ह्यांच्या तोंडात मी माझीच तक्रार घातली होती. कारण संक्रांत जवळ आली होती आणि हळदीकुंकू करायचं ठरलं होतं. तीन-चार महिने घराला आजारपणाचा वास, आता चार बायका येऊन हसून-बोलून जातील तर बरं, असं सगळ्यांचं मत. पण बायका हॉलमध्येच येणार. दारातून शिरल्या शिरल्या त्यांना काय दिसणार? कॉट, कॉटवर हे, आणि समोर मिठाची भिंत. कॉटबद्दल मला लाज नव्हती. भिंतीची होती.

नवीन रंग काढायला वेळ नव्हता आणि रंग त्या भिंतीवर टिकतही नव्हता. त्या वर्षांत पनवेलात जिकडे तिकडे नवे फ्लॅट आणि फ्लॅटच्या भिंतींवर स्टिकर. सोफ्यामागे झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यातून उडणारे पक्षी. माझ्या भाचीने तर फ्रिजच्या बाजूला मांजर चिकटवलं होतं, शेपूट स्विचबोर्डपर्यंत. मी म्हटलं, हेच पाहिजे. झाकून टाकायचं.

पळस्प्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पडदे आणि वॉलपेपरचं दुकान होतं. सून आणि मी रिक्षाने गेलो. दुकानदाराने तीन जाडजूड अल्बम पुढे टाकले. मी एकेक पान उलटत होते आणि तो सांगत होता, "हे व्हिनाइल आहे काकू, कागद नाही. पुसलं तरी चालतं. हे बघा, बुद्ध, शांत वाटतो. हा मोर. ही मुलांच्या खोलीसाठी रेल्वे."

"आजारी माणसासाठी काय आहे?" सुनेने विचारलं.

दुकानदार जरा गांगरला. त्याच्या अल्बममध्ये तसा भाग नव्हता. "फुलं दाखवू?"

मी पान उलटलं आणि समुद्र निघाला. दोन मीटर रुंद. निळं पाणी, पांढरी वाळू, डाव्या बाजूला वाकलेली दोन नारळाची झाडं, एक लाल छत्री, तिच्याखाली आरामखुर्ची. वर लावायला पाच पक्षी वेगळे. मला इतकी हुशारी सुचली की मी मांडीवर थाप मारली. "हा द्या! ह्यांचा सगळा जन्म खाडीकाठी गेला. समोर पाणी दिसलं की मन रमेल."

खाडीकाठी लाल छत्री आणि आरामखुर्ची मी कुठे पाहिली होती देव जाणे. आमच्याकडची खाडी म्हणजे चिखल, खारफुटी आणि गुडघाभर पाण्यातून चालणारी माणसं. पण चित्रातलं पाणी निळं होतं.

तेव्हाच त्याने तो प्रश्न विचारला. लोणा नाही ना? असेल तर आधी प्लास्टर काढावं लागेल, नाहीतर आतून मीठ येतं आणि व्हिनाइल फुगतं. आणि मी ते उत्तर दिलं. तो म्हणाला, "मग लावायला माणूस पाठवतो," तर मी म्हटलं, "नको, आम्ही लावू." माणूस आला असता तर भिंत दिसली असती. रिक्षात सून माझ्याकडे बघत होती. मी बाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागलो. आधी भिंत स्वच्छ करायची. ऊन नुकतंच आत आलं होतं आणि खरं सांगते, त्या दिवशी मीठ फार आलं होतं. थंडी कोरडी होती. अख्खी भिंत चमकत होती. मी स्टुलावर चढले, लोखंडी ब्रश घेतला आणि घासायला लागले.

कॉटवरून आवाज आला. "बग."

"हो, हो," मी म्हटलं. पाठ त्यांच्याकडे.

"बग. बग." यावेळी मोठ्याने. मग एकसारखं, श्वास लागेपर्यंत, "बग, बग, बग..."

"बघतेय हो! किती घाण निघतेय बघा ना तुम्हीच. आता एकदम छान करते, मग रोज कुरकुर नको."

सून म्हणाली, "आई, जरा थांबा. एकदा त्यांच्याकडे बघा."

"अर्धवट सोडलं तर राहील तसंच," मी म्हटलं आणि घासत राहिले. सुपडीभर निघालं. मी ते मोरीत टाकलं आणि वरून बादलीभर पाणी ओतलं.

त्यानंतर त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नाही. तो शेवटचा होता हे त्या क्षणी कळलं असतं तर! पण मला स्टिकर लावायची घाई होती.

ओल्या फडक्याने पुसलं, पंखा लावून वाळवलं, आणि मग दोघींनी समुद्र उचलला. असल्या कामाची एक पद्धत असते. मागचा कागद एकदम काढायचा नाही. वरची कड चार बोटं सोलायची, ती सरळ रेषेत टेकवायची, मग एकीने खालून कागद ओढत जायचं आणि दुसरीने वरून पट्टीने हवा दाबत जायचं, मधून कडेला. पट्टी म्हणून आम्ही मुलाचं बाद झालेलं बँकेचं कार्ड घेतलं. पहिली दहा मिनिटं मला वाटलं की हा धंदा मी आधीच सुरू करायला हवा होता. मग माझ्या बाजूचा समुद्र तिरका गेला. सुनेची क्षितिजरेषा इथे, माझी वीतभर खाली.

"आई, तुमच्याकडे पाणी उतरलंय."

"भरती-ओहोटी असते," मी म्हटलं.

दोघी हसलो. हसत हसत ओढून सरळ केलं. फुगे आले ते सुईने टोचले, हेअर ड्रायरने गरम करून दाबले. पक्षी लावायचं काम मी चष्म्याशिवाय केलं, त्यातला एक उलटा गेला, पोट वर करून उडणारा. मग मी त्यांच्या कॉटपाशी गेले, उशी नीट केली, आणि एखाद्या जादूगारासारखा हात केला. "बघा! कसा आहे?"

त्यांनी बघितलं. बराच वेळ. लाल छत्रीकडे, नारळांकडे, उलट्या पक्ष्याकडे. मग मान फिरवली आणि डोळे दुसऱ्या बाजूला लावले, जिथे कपड्यांचं कपाट होतं.

"आवडलं," मी सुनेला म्हटलं. "आता शांत पडलेत बघ."

हळदीकुंकवाला सतरा-अठरा बायका आल्या. "अगं, गोव्याला आल्यासारखं वाटतंय!" असं कुणी म्हटलं की मी दोन तिळगूळ जास्त द्यायचे. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ह्यांची मान आखडलीय का? एका बाजूलाच का पडलेत?" मी म्हटलं, "सवय झालीय त्यांना." दिवसभर ते कपाटाकडे तोंड करून होते. मी दोनदा जाऊन मान सरळ केली. दोनदा त्यांनी ती परत वळवली. अर्ध्या अंगात जेवढं बळ उरलं होतं त्यातलं ते खर्च करत होते.

सकाळचा तो शब्द गेला. मी डॉक्टरांना सांगितलं की एक शब्द येत होता तोही आता येत नाही. ते म्हणाले, "आजारात असं होतं." मी ते मानलं. आजाराचं म्हटलं की आपल्यावर काही येत नाही.

होळीच्या सुमाराला समुद्र फुगायला लागला. आधी लाटांमध्ये शेंगदाण्याएवढे फोड, मग लाडवाएवढे. मी सुईने टोचायचे तर आतून हवा नाही, करकर आवाज यायचा. ड्रायर लावला की फोड आणखी वाढायचा. वाळूचा एक कोपरा सुटला, तो मी सेलोटेपने बसवला. मग छत्रीखाली पोट आलं. सून म्हणाली, "आई, दुकानदाराने सांगितलं होतं." मी म्हटलं, "त्याचा मालच खराब." बघा, खोटं बोललेली बाई कुणावर उलटली ते.

ह्यांची धाकटी बहीण, माझी नणंद, उरणच्या मोरा बंदराजवळ राहायची. नवरा वारलेला, गुडघे गेलेले, मासळी विकायला बसायची. तिला सवड मिळून ती भावाला भेटायला आली तेव्हा ज्येष्ठ लागला होता आणि ढग भरून आले होते. आल्या आल्या भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, गालाला गाल लावला, त्याची बोटं आपल्या हातात घेऊन बसली. इकडेतिकडे बघत होती. मग भिंतीकडे लक्ष गेलं.

"यो काय गो वैनी?"

"समुद्र आहे, वन्सं."

"असा?" ती उठली, गुडघे धरत भिंतीपाशी गेली, एका फुगवट्यावर अंगठा दाबला. करकर झालं. ती ओळखून हसली. "आंगावर समुद्र आन् पोटात मीठ! बरा पिकलाय गो तुजा आगर." मग भावाकडे वळून म्हणाली, "दादा, बगलास का?"

कॉटवर ह्यांचे डोळे तिच्याकडे वळले. तोंड हललं. आवाज आला नाही.

तेव्हा मी तिला सांगितलं. की हाच शब्द ते म्हणायचे, सकाळी सकाळी, भिंतीकडे बोट करून. आणि मग मी हे लावलं, आणि मग बंद झाला.

नणंद स्टुलावर बसली. मग सांगायला लागली, माझ्याकडे न बघता. "आमी दोगं लहान व्हतो तवा पाटं बाबाच्या मागं मिठाच्या आगरावर जायचो. वाफ्यातल्या पान्यावर मिठाची पयली साय धरली का ती ऊन पडल्यावर चमकते. निस्ता घटकाभर. मंग वारा आला का मोडते. जो पयला बगल त्यानं वरडायचं, बग! बाबा त्याला गुळाचा खडा द्यायचा. दादाच जिंकायचा दरयेळी. आन् आर्धा खडा मला द्यायचा."

मला सोनेरी पट्ट्यांची चप्पल आठवली. पस्तीस वर्षांपूर्वी एका बांधावर एका तरुण माणसाने बायकोला तो क्षण दाखवायला आणलं होतं आणि तिने त्याची भाषा सुधारली होती.

नणंद गेल्यावर मी स्टुलावर चढले आणि नारळाच्या झाडाची कड धरून ओढली. सगळं निघालं. मीठ, रंग, प्लास्टरचे ढलपे, सगळं त्या निळ्या पाण्याच्या पाठीला चिकटून फरशीवर आलं. भिंतीला खाली विटा दिसायला लागल्या. मुलगा संध्याकाळी कामावरून आला आणि म्हणाला, "हे काय करून ठेवलंस? गवंडी बोलावतो उद्या." मी म्हटलं, "बोलावलास तर बघ."

पण मीठ काही आलं नाही. येणार कसं? दुसऱ्याच दिवशी पाऊस लागला. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, हे मिठागरवाल्याच्या सुनेला माहीत असायला हवं. भिंत ओली होत गेली, काळी पडत गेली. ह्यांनी मान कपाटाकडून भिंतीकडे वळवली, तेवढं मात्र झालं. दिवसच्या दिवस ते त्या काळ्या विटांकडे बघत राहायचे. मीही त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. कुठे तरी पांढरा ठिपका दिसला, पोपड्याचा असेल, चुन्याचा असेल, की मी बोट करून म्हणायचे, "बग." हो, 'बग'च म्हणायचे, त्यांच्यासारखं. ते बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. त्यांना कळायचं की ते मीठ नाही. मिठागरावर वाढलेल्या माणसाला कुणी फसवू शकत नाही. पण रागावले नाहीत. एकदा डाव्या हाताने माझा हात थोपटला, लहान मुलाचं खोटं ऐकून घेतात तसा.

मी हिशेब लावत होते, आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन, मग दिवाळी, मग हवा कोरडी. चार महिने काढायचे होते. दिवाळीनंतर ऊन भिंतीवर पडलं असतं आणि मग ते काय म्हणतात ते मी ऐकलं असतं, पाठ न फिरवता.

भाद्रपदात गेले. सकाळी, ऊन नसताना. तोंड भिंतीकडे होतं.

दिवाळी त्या वर्षी केली नाही. घरात पणती नाही, फराळ नाही. पण भिंतीला सुतक नव्हतं. दिवाळी उलटून बारा-पंधरा दिवस झाले आणि एका सकाळी मी चहा घेऊन हॉलमध्ये आले तर उघड्या विटांच्या सांध्यांतून मीठ आलेलं. कापसासारखं, पातळ. ऊन वर चढत होतं तशी एकेक वीट चमकत होती. मी कप खाली ठेवला. कॉट केव्हाच काढून टाकली होती, जिथे ती होती तिथे जमिनीवर बसले आणि बघत राहिले, ऊन सरकेपर्यंत. पण 'बग' म्हणायचं कुणाला?

नणंद त्याच आठवड्यात आली, भावाच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा. पिशवीत सुकट आणि चार नारळ. तिने भिंत बघितली, बोट फिरवलं, बोटावरचं मीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मी तिला चहा दिला आणि मग जे इतके महिने विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. म्हटलं, वन्सं, शब्दाचा अर्थ तुम्ही सांगितलात, तो मला कळला. पण त्यांना माझ्याकडून काय हवं होतं? भिंत तशीच ठेवायला हवी होती का? त्यांना उचलून गावाला न्यायला हवं होतं? रोज इतकं म्हणत होते, मी नेमकं करायचं तरी काय होतं?

तिने कप खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं. आणि म्हणाली:

"तुला काय तरी केल्याबिगर चैन पडत नाय, वैनी, योच तुजा वांदा. करायचं काय नव्हतं गो. यकट्यानं बगवत नाय मानसाला, म्हनून हाक मारायचा. तू निस्ती मान वळवायची व्हतीस."